टेकडीचा उतार आणि खाणीचा काठ

रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर लहान मुलांना घेऊन येणारे आई-बाबा हल्ली पुष्कळ दिसतात, आणि ते पाहून मला फार बरं वाटतं. आठवडाभराच्या दगदगीनंतर सुटीची झोप मोडून, पोरांना तयार करून, पाण्याच्या बाटल्या भरून एवढं वर येणं सोपं नसतं. पण या टेकडीवर एक गोष्ट मी वारंवार बघते. वाटेत मुरमाचा उतार आला की चार-पाच वर्षांच्या मुलाचा दंड गच्च धरला जातो. ‘घसरशील’, ‘पळू नकोस’, ‘बाबांचा हात सोडायचा नाही’. मूल जवळजवळ लोंबकळतच खाली येतं. तीच मंडळी पुढं जुन्या दगडखाणीपाशी पोचतात, तेव्हा मात्र हात सुटतो, मोबाइल बाहेर येतो आणि पोराला काठावर उभं करून ‘हस बघू’ म्हणत फोटो काढला जातो. पाठीमागं तुटलेला कडा आणि खाली पाणी.

आई-बाबांनो, भीती तुम्हाला वाटणारच. ती वाटायलाच हवी. पण ती उतारावरच खर्ची पडते आणि खाणीपाशी, जिथं तिची खरी गरज असते, तिथं शिल्लकच राहत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल.

मुरमाचा उतार मुलाला दिसतो. पायाखालची खडी सरकली की तळव्याला कळतं. एकदा घसरलं की दुसऱ्या खेपेला ते आपोआप पाय आडवा टाकतं, टाच रुतवतं, अंग मागं झुकवतं आणि अगदीच जमलं नाही तर बूड टेकवून घसरत येतं. चड्डी मळते, तळहात खरचटतात. काय केलं म्हणून काय झालं याचा हिशेब तिथल्या तिथं मिळतो. खाणीच्या काठावर असा हिशेब मिळत नाही. कडेचा दगड आतून सुटलेला आहे का, पाणी किती खोल आहे, पडल्यावर वर यायला कुठं धरायला मिळेल का, यातलं काहीच पाच वर्षांच्या मुलाला नजरेनं कळू शकत नाही. तिथं पहिली चूक शेवटची ठरू शकते. म्हणून जे मुलाला दिसतं, जोखता येतं, ते त्याच्यावर सोडावं. जे त्याला दिसूच शकत नाही, ते आपण बघावं. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या जानेवारीत पालकांसाठी आणि डॉक्टरांसाठी जी भूमिका मांडली, तिचाही गाभा हाच आहे. मुलांवर रोज औषधोपचार करणाऱ्या, मोडलेले हात रोज पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘मुलांना थोडी जोखीम घेऊ द्या’ म्हणावं, याला मी फार महत्त्व देते.

नॉर्वेतल्या एलेन सँडसेटर या संशोधक बाईंनी बालवाडीतल्या मुलांचे असे थरारक खेळ बघितले आणि २००७ मध्ये त्यांचे सहा प्रकार सांगितले. उंचावर चढणं, वेगात जाणं, धारदार हत्यारं वापरणं, पाणी नि आगीच्या जवळ खेळणं, झोंबाझोंबी करणं आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. ही यादी वाचताना मला आपलेच खेळ आठवत गेले. नजरेआड होणं म्हणजे आपला लपंडाव आणि डबा ऐसपैस. झोंबाझोंबी म्हणजे हुतूतू. हत्यार म्हणजे विटी तासायचा चाकू आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती उकरायचं खुरपं. आणि उंची म्हणजे सूरपारंब्या.

सूरपारंब्या तुमच्यातल्या काहींनी खेळल्या असतील, काहींनी नुसतं नाव ऐकलं असेल. वडाच्या झाडाखाली रिंगण आखायचं. एकानं पायाखालून काठी लांब भिरकावायची. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं ती आणून रिंगणात ठेवायची, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी झाडावर चढायचं. मग त्यानं वर चढून कुणाला तरी शिवायचं आणि इतरांनी त्याला हुलकावणी देऊन पारंबीवरून खाली येत काठीला हात लावायचा. या खेळात मुलाच्या डोक्यात काय काय चालू असतं ते बघा. ही फांदी माझं वजन पेलेल का? पारंबी वरून सुकलेली तर नाही? इथून उडी मारली तर पाय मुरगळेल की निभेल? तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत खाली जाता येईल का? हे सगळे निर्णय ते मूल क्षणाक्षणाला, स्वतःच्या अंगाच्या भरवशावर घेत असतं. हे शिकवणारा कुठलाही वर्ग मला माहीत नाही.

आणि हे शिकणं पुढं कामी येतं. दहा वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडताना येणाऱ्या बसचा वेग जोखावा लागतो. सतरा वर्षांच्या मुलीला मित्राच्या गाडीवर मागं बसावं की नाही हे ठरवावं लागतं. तोवर तिनं कधीच ‘हे मला झेपेल का?’ असं स्वतःला विचारलेलं नसेल, प्रत्येक वेळी उत्तर आई-बाबांनीच दिलेलं असेल, तर त्या दिवशी ती कुणाला विचारणार?

‘अहो पण एकदा पडलं की मुलाच्या मनात कायमची धास्ती बसते,’ असं मला बरेच पालक सांगतात. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांची माहिती संशोधक जन्मापासून गोळा करत आले आहेत. त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष सांगते. पाच ते नऊ या वयात पडून ज्यांना इजा झाली होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी उंचीची भीती इतरांपेक्षा कमी आढळली. यावरून पडल्यामुळेच भीती गेली असं म्हणता येणार नाही. मुळात धीट असलेली मुलं जास्त चढत असतील आणि म्हणून जास्त पडत असतील. पण धास्ती बसण्याच्या समजुतीला या मुलांकडून तरी आधार मिळत नाही.

आता आमच्या बालवाडीच्या आवारातल्या पेरूच्या झाडाबद्दल सांगते. पेरू हे लहान मुलांसाठी फार चांगलं झाड. बुटकं असतं, खालपासून फांद्या फुटतात आणि फांदी वाकली तरी सहसा मोडत नाही. मात्र खोड गुळगुळीत, सालीचे पापुद्रे सुटतात, म्हणून बूट-चप्पल काढूनच चढायचं. साडेचार वर्षांची एक मुलगी बरेच दिवस त्या झाडाला नुसती टेकून उभी राहायची. मग एक पाय खालच्या बेचक्यात ठेवून लगेच काढून घ्यायला लागली. कुणी तिला ‘चढ’ म्हटलं नाही आणि ‘नको’ही म्हटलं नाही. एके दिवशी ती बेचक्यात उभी राहिली, वरची फांदी धरली आणि त्या फांदीवर जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की उतरायचं कसं ते माहीत नाही. चेहरा एवढासा झाला. फाटकापाशी तिची आई घ्यायला आली होती, ती धावलीच. मी आईला माझ्या शेजारी उभं केलं. दोघी झाडाच्या इतक्या जवळ होतो की हात वर केला असता तर तिची पावलं हाताला लागली असती. मी मुलीला म्हटलं, ‘पोट झाडाकडं कर. हं. आता डावा पाय खाली सोड, तिथं एक गाठ आहे, ती पायानं शोध.’ पाय हवेत चाचपडला, खोडावर घासला, सालीचा एक पापुद्रा निघून खाली पडला. मग अंगठ्याला गाठ लागली. तिथं तिनं भार दिला, दुसरा पाय बेचक्यात आणला आणि उतरली. उतरली आणि आईकडे न बघता पुन्हा वर चढायला लागली. आईच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या. त्या बाईनं त्या दोन मिनिटांत जो धीर धरला, त्याचं मोल मला मुलीच्या चढण्याइतकंच वाटतं.

झाडाबाबत आम्ही एक पथ्य कडक पाळतो. मुलाला उचलून फांदीवर बसवायचं नाही. जिथवर ते स्वतःच्या बळावर चढेल, तिथूनच ते बहुधा स्वतःच्या बळावर उतरू शकेल. आपण उचलून ठेवलेल्या जागेची जोखणी त्यानं केलेलीच नसते. अपघात तिथं होतात. पावसात खोडावर शेवाळ धरतं, तेव्हा झाड बंद. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ असतात, दिसायला जाड दिसतात आणि कट्‌कन मोडतात. त्यांच्यावर अजिबात नाही. वर असताना तीन अवयव झाडाला चिकटलेले हवेत, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात. हे मुलांना एकदा दाखवलं की ती एकमेकांना बजावायला लागतात. आणि गळ्यात काही नको. शाळेच्या ओळखपत्राची दोरी, पाण्याच्या बाटलीचा पट्टा, ओढणी हे फांदीत किंवा घसरगुंडीच्या कडेला अडकून गळफास बसू शकतो. ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या लक्षात येते, म्हणून मुद्दाम सांगते.

सूचना कशी द्यायची हेही तितकंच महत्त्वाचं. ‘सांभाळून’, ‘हळू’, ‘पडशील हं’ हे शब्द ऐकून मूल नेमकं काय करणार? त्याचं लक्ष पायावरून उडून तुमच्या आवाजाकडे जातं. त्याऐवजी ‘पुढचा दगड हलतोय का बघ’, ‘आता पाय कुठं ठेवणार?’ असं विचारलं तर त्याची नजर हव्या त्या ठिकाणी जाते. कित्येकदा काहीच बोलायची गरज नसते.

उलट टोकाची चूकही होते. भित्र्या मुलाला ‘एवढंसं घाबरतोस? ती बघ, तुझ्याहून लहान आहे’ म्हणत वर ढकलणारे बाबा मला भेटतात. कृपा करून असं करू नका. ढकललेल्या मुलाला जोखण्याची संधीच मिळत नाही, त्याला मिळते ती फक्त लाज. काही मुलं झाडाखाली उभं राहून इतरांना बघण्यात पूर्ण वर्ष घालवतात. ती बघताना शिकत असतात. त्यांना राहू द्या.

मुलींच्या आई-बाबांशी मला थोडं वेगळं बोलायचंय. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या बार्बरा मॉरोन्जिएलो यांनी आई-वडील आपल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांना खेळाच्या मैदानावरच्या साहित्यावर कसं शिकवतात ते टिपलं. मुलींना सावधगिरीच्या सूचना जास्त मिळाल्या, हाताचा आधार जास्त मिळाला. मुलग्यांना स्वतः करून बघायला जास्त सांगितलं गेलं. मुली आणि मुलगे कुवतीत सारखेच असताना हे घडलं. आपल्याकडे तर यात आणखी एक भर असते. ‘मुलीची जात, तोंडावर व्रण राहिला तर?’ हे वाक्य शिकलेल्या घरांतही आजी सहज बोलून जाते, आणि आई गप्प बसते. गप्प बसू नका. तुमच्या लेकीला टेकडीवर फ्रॉक न घालता जुनी पँट घाला, केस बांधा आणि भावाइतकंच मोकळं सोडा. गुडघ्यावरचा व्रण कुणाच्याही आयुष्यात आड येत नाही. ‘मला हे जमणार नाही’ ही खात्री मात्र आड येते, आणि ती फार लहानपणी मनात बसते.

मग काळजी कुठं घ्यायची? भरपूर ठिकाणी, आणि तिथं अजिबात सैल सोडू नका.

गावाकडच्या वाचकांसाठी सगळ्यात आधी शेततळं. आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत जिकडं तिकडं शेततळी झाली. पाण्याची सोय झाली, हे चांगलंच. पण त्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढून येता येत नाही. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात, इथं बोटं रुतवायलाही जागा नाही. बाहेरून मात्र ते उथळ तळ्यासारखं शांत दिसतं. मुलाला जोखताच येणार नाही असा धोका कसा असतो, हे समजून घ्यायचं तर शेततळ्याच्या काठावर उभं राहून बघावं. चारी बाजूंनी कुंपण हवंच. शिवाय काठावर पक्क्या खुंट्याला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, जोडीला हवा भरलेली एखादी ट्यूब बांधा. आणि मुलांना पोहायला शिकवा, दुसऱ्या ठिकाणी, जाणत्या माणसाच्या हाताखाली.

शहरात तशी जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग. मागं येणाऱ्या गाडीच्या चालकाला तीन फुटांचं मूल दिसत नाही, आणि मुलाला हे ठाऊक नसतं की आपण दिसत नाही. तिथं खेळ नको, मग मुलं कितीही हिरमुसली तरी. विजेच्या उघड्या डीपी, मांजा अडकलेल्या तारा, झाकण नसलेले चेंबर यांचाही विचार तसाच करा. दगडांच्या ढिगात, बिळात हात घालायचा नाही, काठीनं आधी आवाज करायचा, हे टेकडीवर नि कोकणात जाताना शिकवा. फुरसं दगडाआड, पालापाचोळ्यात असतं आणि ते पटकन दिसत नाही. बागेतल्या एका गोष्टीकडे तर जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. फुलझाडांच्या वाफ्याभोवती विटा तिरप्या रोवून केलेली दातेरी कड. झाडावरून चार फुटांवरून गवतावर पडलेलं मूल रडून उठतं. त्याच मुलाचं कपाळ विटेच्या टोकावर आपटलं तर टाके पडतात किंवा त्याहून वाईट होतं. आपण मात्र झाडावर पाटी लावतो, ‘चढू नये’, आणि विटा रंगवून ठेवतो.

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी हात मोडेल. हे मी लपवणार नाही. लहान मुलं पडताना हात पुढं टाकतात, म्हणून मनगटाजवळचं हाड हे नेहमीचं. कोवळी फांदी वाकवली की तुटून दोन न होता एका बाजूनं चिरते, तसं त्यांचं हाड पुष्कळदा चिरतं. बहुतेकदा काही आठवड्यांच्या प्लास्टरनं ते नीट जुळून येतं, मोठ्यांपेक्षा लवकर. कोपराजवळ सूज आली, हात वेडावाकडा दिसला किंवा बोटं गार पडली, निळसर झाली, तर मात्र घरी हळद लावत बसू नका, तेल लावून चोळू तर मुळीच नका. हात हलू न देता लगेच डॉक्टरांकडे न्या. डोक्याला मार लागल्यावर मूल क्षणभरही बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, नाकातून-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. धनुर्वाताची लस वेळेवर झालीये ना, तेही कार्डावर बघून ठेवा. दीड वर्षाच्या सुमाराचा आणि मग पाच-सहा वर्षांचा बूस्टर, पुढं दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. पाच वर्षांचा डोस बऱ्याच घरांत राहून जातो.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला आया एकट्या असताना सांगतात. मुलाला खरचटलं तरी घरातला पहिला प्रश्न आईला असतो, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ सासूचा, नवऱ्याचा, कधी शेजारणीचा. मूल पडण्याची भीती एकवेळ बाजूला ठेवता येते, या प्रश्नाची नाही. म्हणून ती हात धरून ठेवते. बाबा लोकहो, हे तुमच्याशी. मुलानं काय काय करून बघायचं हे घरात आधी बसून ठरवा, आजी-आजोबांसह, आणि मग खरचटलं तर तो सगळ्यांचा निर्णय असेल. आजोबांना विचारा, लहानपणी त्यांनी काय काय केलं. ते विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले असतील, बैलगाडीच्या मागं लटकले असतील. नातवंडांना ‘नको’ म्हणणाऱ्या आजोबांना स्वतःचं बालपण आठवलं की पुष्कळदा तेच टेकडीवर यायला निघतात.

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. गुरांमागं रानात फिरणाऱ्या मुलांना रानातून उचलून खोलीत बसवण्याऐवजी शिक्षकच कुरणात गेले. त्या बायांनी मुलांच्या रानातल्या वावरावर विश्वास टाकला होता. आपल्या मुलांकडे तर कुरणही उरलेलं नाही. निदान सोसायटीचा कोपरा तरी त्यांना द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन-तीन घरांनी मिळून हे मांडून बघा. वाफ्यांभोवतीच्या तिरप्या विटा काढून टाकायच्या. झाडांच्या खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत, कारण त्या गेल्या की मुलांना चढायला पहिली पायरीच राहत नाही. आणि एका कोपऱ्यात दोन ब्रास माती टाकून ठेवायची, चाळलेली नाही, साधी, थोड्या दगडगोट्यांसकट. ट्रॅक्टरवाला सकाळी येऊन रिकामी करून जाईल. पावसाळ्याआधी टाकली तर पोरं जून-जुलैत तिच्यावरून घसरतील, ऑगस्टपर्यंत आळी खणतील आणि दिवाळीला किल्ल्यासाठी माती शोधत कुणाला हिंडावं लागणार नाही. खुरपी दोन जास्त घ्या, भांडणं कमी होतात.